पोटुशीची खाट

घरात पाहुणा यायचा असला, म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं असलं, नाहीतर सुनेला दिवस गेले असले, की लोकांना खाट आठवते आणि खाटेमागोमाग मी आठवतो. एरवी सायकलवर दोराची भेंडोळी लादून मी गावातून गेलो तरी कोणी मान वर करत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. न्हाव्यालासुद्धा दाढी वाढल्यावरच हाक मारतात.

माझी शाळा तिसरीत संपली. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते छापणाऱ्यांनी सुधारावं, पण माझं म्हणणं सुधारू नये. जन्म माझा पहूरचा, धंदा सगळा एरंडोलच्या आसपासच्या खेड्यांत. लहानमोठे सगळे मला आबा म्हणतात. उभा जन्म खाटा विणल्या आणि अजून विणतो. पोरं म्हणतात, आबा, आता बसा. मी म्हणतो, बसायला खाट कोण विणून देईल?

ज्यांनी खाट फक्त ढाब्यावर पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. लांबीचे दोन दांडे, रुंदीचे दोन दांडे आणि चार पाय, त्यांना आम्ही खूर म्हणतो. दांड्याचं टोक खुराच्या भोकात ठोकून बसवायचं. खिळा नाही, स्क्रू नाही. मग डोक्याच्या बाजूनं विणायला घ्यायचं. पूर्वी अंबाडीचा दोर होता, मग सुती नवार आली, आता नायलॉनची पट्टी. पायाच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडतात आणि तिथं विणीपासून दांड्यापर्यंत एक दोर खालीवर फिरवतात. खाटेचा सगळा जीव त्या दोरात. माणूस रोज झोपतो, वीण ढिली पडते, मधे झोळी होते. मग तो दोर सोडून पुन्हा ओढायचा, गुडघा दांड्याला लावून, दात आवळून. माझी ओढलेली खाट मुठीनं वाजवली तर घुमते. तालुक्यात दुसऱ्या कोणाची घुमत नाही. ही फुशारकी नाही, कोणालाही विचारा.

आणि मी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून वीण बदलत नाही. सावद्याचे एक केळीचे व्यापारी होते, देह असा की खुर्चीत बसले की उठताना खुर्ची बरोबर यायची. ते म्हणाले, "आबा, मला जरा मऊ, झोळीसारखी विणून द्या, पाळण्यात झोपल्यागत वाटलं पाहिजे." मी म्हटलं, "शेठ, मग पाळणाच करा. मी खाट विणतो." ते रागावले, मीही रागावलो. शेवटी माझ्या पद्धतीची खाट घेतली. दोन वर्षांनी बसस्टँडवर भेटले तर मला बाजूला घेऊन सांगतात, "आबा, पाठीचं दुखणं गेलं बरं का. बायकोला सांगू नका, ती तेव्हा तुमच्याच बाजूनं बोलत होती."

पण मला सांगायचंय ते पोटुशी बाईच्या खाटेबद्दल. हे गिऱ्हाईक वेगळं. ते स्वतः कधी बोलावत नाही. नवरा बोलावतो किंवा सासरा, आणि सांगतो एवढंच की खाट ढिली झालीय. खरं काय झालंय ते कोणी सांगत नाही. सहावा-सातवा महिना लागला की काही काही बायकांचं कमरेखालचं हाड धरतं. सगळ्यांचंच नाही. ज्यांचं धरतं त्यांना एका पायावर उभं राहता येत नाही, जिना चढवत नाही, मांडी घालून जेवायला बसता येत नाही. कूस बदलायची म्हणजे संकट. झोळी झालेल्या खाटेत तर त्या दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात आणि मधल्या खड्ड्यातून बाहेर येईपर्यंत घाम फुटतो. अंगणात दोर ओढत बसलेल्या म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? मला तरी आमच्या तुळसानं सांगितलं म्हणून कळलं. तुळसा म्हणजे माझी बायको. धुळ्याकडची आहे, अहिराणीच बोलते. तिच्याशी बोलताना मी सहसा हरतो.

तर जयश्रीची गोष्ट. एरंडोलपासून जवळच्या एका खेड्यात कमलअक्कांचं घर. अक्का विधवा, शेतीवाडी बऱ्यापैकी, एकुलता मुलगा दीपक जळगावला कंपनीत. जयश्री ही दीपकची बायको, सावद्याची. तिची आई लहानपणीच वारली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलेलं. जयश्री ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. माझ्या पेन्शनचा दाखला तिनंच काढून दिला होता, आणि माझी सही पाहून म्हणाली होती, "आबा, ही सही आहे की वीण?" तेव्हापासून मला ती पोर आवडायची.

दीपकनं मला रस्त्यात थांबवलं. म्हणाला, "आबा, घरची खाट जरा ओढून द्या. जयश्रीला माडीवर चढता येत नाही आता. पलंग वर, जिना अरुंद. खाली जुन्या खाटेवर झोपते आणि सकाळी रडवेली असते."

मी गेलो. जयश्री खाटेवर आडवी होती. मला पाहून उठायला लागली. मी "असू दे, असू दे" म्हणेपर्यंत तिनं सुरुवात केलेली. दोन गुडघ्यांत उशी धरलेली. गुडघे जुळवून आधी कुशीवर वळली, मग हाताचा रेटा देऊन बसती झाली, मग दोन्ही पाय एकदम खाली सोडले. मधे एकदा डोळे मिटून थांबली. नवीन लुगड्याची घडी जपून मोडावी तशी ती स्वतःला उलगडत होती. पाय जमिनीला टेकले, पण खाट इतकी बुटकी की गुडघे पोटाला भिडले. तिथून उभं राहायला तिला भिंत धरावी लागली.

"फार दुखतं का गं?" मी विचारलं.

"आबा, मांडीच्या मुळाशी कोणीतरी पाचर ठोकल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, बाळाला काही धोका नाही. बाळ बाहेर यायचंय म्हणून शरीर आपणच सांधे सैल करतं. माझे जरा जास्तच सैल झालेत."

मला हे लगेच पटलं. सांधा घट्ट असला की खाट बोलत नाही. सांधा हलला की माणूस नुसता कूस बदलतो तरी करकर. खाटेला मी पाचर ठोकतो आणि मोकळा होतो. माणसाला ठोकता येत नाही. शेजारच्या एका बाईनं हाडं बसवणाऱ्या कोणा बुवाचं नाव सुचवलं होतं. जयश्री म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं, त्या नको म्हणाल्या." मला बरं वाटलं. आपला नसलेला सांधा हलवायचा नाही, हे मलाही कळतं.

मी खाट उलटी केली. दोन खूर किडलेले, एक दांडा चिरलेला. असल्या खाटेचा दोर ओढला तर दांडाच फाटायचा. मी मोठ्यानं सांगितलं, "ही ओढण्यातली नाही. नवी करावी लागेल."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्कांचा आवाज आला. "नवी नको."

"अक्का, ही टिकणार नाही."

"नवी नको म्हटलं ना, आबा. हाईच ओढा."

जयश्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. अक्का आत गेल्यावर हळूच म्हणाली, "राहू द्या आबा. त्यांना वाटतं मी सोंग करते. त्यांच्या वेळी त्या नवव्या महिन्यापर्यंत शेतात होत्या, सगळं गाव सांगतं."

मी खाट सुलटी केली. मला दुसरंच काही ठाऊक होतं.

अक्का या घरात नव्यानं आल्या तेव्हा त्यांनाही दिवस गेले होते. सासरा हौशी. सातव्या महिन्यातच त्यांनी बाळंतिणीची बाज करायला सांगितली, पाळणाही आणला. आमच्याकडे तसं करत नाहीत. मूल पोटात असताना त्याच्या नावाची वस्तू घरात आणत नाहीत. दुपटीसुद्धा नंतर शिवतात. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, पण सासऱ्यांपुढे कोण बोलणार? बाज विणायला मला बोलावलं. तेव्हा मी तरुण, हात नवा, हौस मोठी. त्या बाजेवर मी चौकटीची वीण घातली, सासऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली. मूल राहिलं नाही. बाज कोणी वापरलीही नाही. गावाबाहेरच्या कोणाला तरी देऊन टाकली. पुढं बऱ्याच वर्षांनी दीपक झाला तेव्हा अक्कांनी शेवटपर्यंत घरात काही येऊ दिलं नाही. मूल रडल्याचं कानानं ऐकलं आणि मग बाज मागवली. ती मी विणली नाही. मला बोलावलंच नव्हतं.

यात कोणाचा दोष नव्हता. दोरानं मूल जात नाही, हे मलाही कळतं आणि अक्कांनाही कळत असणार. पण कळणं वेगळं आणि दारात नवी खाट आलेली बघणं वेगळं.

मी सायकलकडे निघालो तेव्हा अक्का मागं आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आबा, तुम्ही ईसरनात का?"

"नाही विसरलो, अक्का."

"मंग कसाले नवी म्हणतस?"

मी जुन्याच खाटेला लागलो. किडलेल्या खुरांना पाचरी मारल्या, चिरलेल्या दांड्याला पत्र्याची पट्टी गुंडाळली, आणि दोर असा ओढला की माझ्याच हाताची सालं निघाली. घुमली खाट. मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दीपकचा फोन. "आबा, रागावू नका. जयश्री म्हणते आधीची बरी होती. कुशीवर झोपलं की हाड टोचतं. आणि उतरताना दांडा मांडीला कापतो."

मी रागावलोच. फोन ठेवून म्हटलं, "घुमणारी खाट दिली, अजून काय पाहिजे लोकांना?"

तुळसा भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुम्ही खाट दखी राहिनात. पोरले दखं का?"

"बघितलं की. उठताना बघितलं."

"दखं, आन मंग खाटच ओढी! तिले नुसता पडाले त्रास नही. तिले उतरालेबी त्रास शे. तुमनी खाट बुटकी शे, ते दखं का?"

सगळ्या आयुष्यात मी खाटेची लांबी विचारली, रुंदी विचारली. उंची कधी कोणाला विचारली नाही. सुतार देईल ते खूर, ती उंची. गडी माणूस एका झटक्यात उठतो, त्याला उंचीशी काय करायचं? आणि मी विणल्या त्या सगळ्या गड्यांच्या मापाच्या. ही गोष्ट मला माझ्या बायकोनं, पिठाचे हात झटकत सांगितली. याचं मला अजून थोडं वाईट वाटतं, कारण ती आता दर आठवड्याला त्याची आठवण करून देते.

"मी येस संगे," ती म्हणाली. मी नको म्हटलं. ती आली.

अक्का शेतावर गेल्या होत्या. तुळसानं जयश्रीला ओट्यावर बसवलं, शेजारी बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही तठे लांब बठा." मी लांब बसलो. कान मात्र तिकडेच. जयश्री हसत हसत सांगत होती, पण सांगत होती ते हसण्यासारखं नव्हतं. सलवार आता बसूनच घालते. घराचा उंबरा ओलांडायचा तर आधी एक हात चौकटीला. जळगावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी सांगितलंय की पाऊल लहान टाका, एका पायावर भार देऊ नका, झोपताना गुडघ्यांत उशी ठेवा, उठताना गुडघे जुळलेले ठेवा. कमरेखाली बांधायचा पट्टाही दिलाय. त्यानं बरं वाटतं.

"आणि पलंग असा पाहिजे म्हणाल्या की बसल्यावर पाय सपाट जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे वर येता कामा नयेत. पण पलंग माडीवर आहे, काकू."

"सासूले सांगं का?"

"त्यांना काय सांगणार? मी उठताना भिंत धरली की त्या तोंड फिरवतात. पाहवत नसेल त्यांना माझं नाटक."

तुळसानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे अक्कांच्या त्या जुन्या गोष्टीबद्दल आत्ता बोलू नकोस. मग तिनं कनवटीला खोचलेली एक नाडी काढली आणि जयश्रीच्या गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेपर्यंत माप घेतलं, गाठ मारली. म्हणाली, "ल्या. हाई तुमनी उंची."

मी त्याच संध्याकाळी सुताराकडे गेलो. बाभळीचे खूर सांगितले, गाठीच्या मापाचे. डोक्याकडचा एक खूर दांड्याच्या वर वीतभर ठेवायला सांगितला, वरून गोल घोटलेला, म्हणजे बसल्यावर हाताशी काही धरायला असावं, भिंत नको. सुतार म्हणाला, "आबा, एकच खूर उंच? लोक हसतील." मी म्हटलं, "लोक झोपणार आहेत का त्यावर?" ज्या बाजूनं उतरायचं त्या बाजूचा दांडा गोल रंधून घेतला आणि त्यावर जुन्या गोधडीचा पट्टा शिवला. वीण नायलॉनची नाही घातली. रुंद सुती नवार घेतली, पट्टीला पट्टी चिकटून. ती झोळी होत नाही आणि टोचतही नाही, पण वेळ फार खाते. ओढताना मी हात आवरला. घुमण्याच्या जरा आधी थांबलो. उभ्या जन्मात हे मी पहिल्यांदाच केलं आणि ते सोपं नव्हतं. हात आपोआप पुढं जातो. तुळसा दाराशी उभी राहून म्हणत होती, "बस. आते बस. बस म्हणं ना!"

खाट झाली. आता ती नेणार कुठे? अक्कांना न विचारता नेली तर दारातून परत यायची. विचारलं तर त्या नाहीच म्हणायच्या. तुळसा म्हणाली, आधी जाऊन समजावा. मी म्हटलं, मला समजावता येत नाही, मला खाट नेता येते. टेम्पोत घातली आणि नेली.

सकाळची वेळ होती. अक्का अंगणात ज्वारी निवडत होत्या. टेम्पोतून खाट उतरताना पाहिली आणि त्या उभ्याच राहिल्या. सूप हातातून पडलं नाही, पण ज्वारी सगळी पुढच्या कडेला आली आणि जमिनीवर ओघळली.

"आबा, मागं न्या."

"अक्का, पोरीला उठवत नाही."

"पोटमा शे तोपावत नवी बाज नको. तुम्हाले मी सांगं नही का?"

"ही बाज नाही, अक्का. खाट आहे."

"माले शिकाडू नका! तेव्हाही तुमनाच हात व्हता." त्यांचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "तेव्हाही बाज तुम्हीच लई उनात. अशीच. सकाळनाच टाईमले."

जयश्री दारात आली होती. एक हात चौकटीला. तिनं विचारलं, "तेव्हा म्हणजे केव्हा? आई, काय झालं होतं?"

अक्का ओघळलेल्या ज्वारीपाशी खाली बसल्या. मग मीच सांगितलं. मोजक्या शब्दांत सांगितलं, जेवढं अंगणात सांगता येतं तेवढं. पहिलं मूल, सातव्या महिन्यात आलेली बाज, पाळणा. अक्का पाठमोऱ्या होऊन ज्वारी गोळा करत राहिल्या, खड्यांसकट.

जयश्री चौकट सोडून हळूहळू ओट्याच्या कडेपर्यंत आली. पायरी उतरायची तर त्रास होणार म्हणून तिथंच बसली. म्हणाली, "आई, मला वाटत होतं तुम्हाला माझा राग येतो. मी उठताना तुम्ही तोंड फिरवता ना, म्हणून."

अक्का वळल्या. "राग? माय, तू उठस तवय मना जीव थाऱ्यावर ऱ्हात नही. कसं दखू मी? काही व्हई गयं तर..."

"डॉक्टर म्हणाल्या काही होणार नाही."

"डाक्टर म्हणतस. मना मन नही म्हणत."

टेम्पोवाला घाई करू लागला, त्याला मी डोळ्यांनी दटावलं. मग जयश्री म्हणाली, आणि त्या पोरीचं मला आजही नवल वाटतं, "मग राहू द्या ती खाट. आबा, घेऊन जा. मी जुनीवरच झोपते. अजून थोडेच दिवस आहेत. तुमच्या जिवाला घोर लावून मला आरामाची झोप कशी लागेल, आई?"

मी खाटेला हात घातला. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता, दोघींचाही. इतकी चांगली खाट, आणि एक नको म्हणते स्वतःच्या भीतीपायी, दुसरी नको म्हणते तिच्या मायेपायी.

"थांबा," अक्का म्हणाल्या.

त्या आल्या. खाटेभोवती एक फेरी मारली. तो उंच खूर हातानं चाचपला. गोधडीच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. मग पदर खोचला आणि भर अंगणात, टेम्पोवाल्यादेखत, शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांदेखत, त्या खाटेवर बसल्या. बसून उठल्या. परत बसल्या.

"आबा, ही खाट कोणी?"

मला समजेना. "कोणाची म्हणजे? जयश्री..."

"जयश्रीनी नही!" असा आवाज चढवला की गच्चीवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. अक्कांना तेच पाहिजे होतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "मनी खाट शे ही. मना गुडघा दुखतस. म्हातारपणमा माले उंच खाट लागस. मी आबाले सांगीसन करी लिधी. कोनी इचारं तर सांगा, कमलनी खाट शे. लेकरूसाठे नही, पोटुशीसाठे नही. मनासाठे!"

गच्चीवरून एक बाई म्हणाली, "अक्का, एक खूर उंच कसाले?"

"मना डोकाले टेकाले! तू पापड दख तुना, कावळा लई जाई!"

जयश्री पोट धरून हसत होती आणि हसताना दुखत होतं म्हणून "आई गं, आई गं" करत होती. अक्का तिला म्हणाल्या, "हसस काय? मनी खाट शे, पन तुले उसनी देस. दुपारले मी एक डाव झोपी लेस तिनावर, मंग तुनी पाळी."

आणि खरंच तसं केलं. दुपारभर अक्का त्या खाटेवर तोंडावर पदर घेऊन पडल्या. शेतावर गेल्या नाहीत. ज्याला कोणाला हिशेब ठेवायचा असेल त्यानं बघून ठेवावं की खाट वापरलेली आहे, जुनी आहे, एका म्हातारीची आहे. मग उठून चादर बदलली आणि जयश्रीला बसवलं. तिचे पाय सपाट जमिनीला टेकले. तिनं उंच खूर धरला आणि उठली. भिंत नाही, चौकट नाही. अक्का समोर उभ्या होत्या आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही. हे मी पाहिलं.

दुखणं गेलं नाही. ते खाटेनं जाणारं नव्हतंच. शेवटच्या महिन्यात तर वाढलं. ग्रामपंचायतीतलं काम तिनं अर्ध्या दिवसावर आणलं, पाटावर जेवायला बसणं सोडलं, स्टुलावर बसून भाजी चिरायची. पण ती आता सांगायला लागली होती. "आई, आज जास्त आहे" म्हटलं की अक्का म्हणायच्या, "मंग आज मनी खाट तूच ठेव," जणू रोज त्या झोपत होत्या तिच्यावर. अक्का खाली चटई टाकून शेजारी झोपायच्या. जयश्रीनं कूस बदलायच्या आधी "आई" म्हणायचं आणि अक्कांनी उठून गुडघ्यांतली उशी धरून ठेवायची, असं दोघींनी ठरवून घेतलं. हे मी दाखला काढायला गेलो तेव्हा जयश्रीनंच मला सांगितलं. म्हणाली, "आबा, त्या जाग्याच असतात. मी हाक मारायच्या आधी उशी धरलेली असते."

मुलगी झाली. दवाखान्यातून अक्कांना फोन आला आणि दीपक बोलायच्या आधी मागून रडणं ऐकू आलं. अक्कांनी फोन कानापासून काढला नाही, बराच वेळ. मग मला निरोप, बाळंतिणीची बाज विणायला या. मी गेलो. उंची कोणी सांगायची गरज नव्हती, नाडी माझ्या खिशात होती. अक्कांनी मला सकाळी नाही, दुपारी बोलावलं. एवढं मी समजून घेतलं. माणसानं थोडं तरी आपल्या मनाचं ऐकावं.

जयश्रीचं हाड लगेच सुटलं नाही. लोकांना वाटतं मूल झालं की संपलं. काहींचं संपतंही. हिचं हळूहळू उतरलं. ती व्यायाम करत राहिली, पट्टा बांधत राहिली. बारशाला मी गेलो तेव्हाही ती उंबऱ्याशी थांबून मगच पाय टाकत होती आणि अक्का बाळ दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन आधी तिचा दंड धरत होत्या.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे एक पट्टी बदलायला गेलो होतो. अक्का ओट्यावर, मांडीवर नात. मी शेजारी पाणी पीत बसलो होतो. जयश्री कामावर निघाली. एका खांद्याला पर्स, कानाला फोन, कोणाला तरी सांगत होती की आधार कार्ड बरोबर आणा, त्याशिवाय दाखला निघणार नाही. बोलत बोलत दाराशी आली, एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय उचलला आणि हातानं चपलेचा पट्टा ओढून घातला. मग दुसऱ्या पायाचं तसंच. चौकटीला हात लावला नाही. तिच्या लक्षातही आलं नाही. पायऱ्या उतरली आणि फोनवर बोलतच फाटकाबाहेर गेली.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थांबल्या. मग नातीला माझ्या मांडीवर दिलं, रिकाम्या रस्त्याकडे दोन्ही हात पसरले, ते ओवाळून आपल्या कानशिलांवर आणले आणि कडाकडा बोटं मोडली.